घड्याळ एक्स्चेंजचं घ्या



आपल्याकडच्या इंटरनेटचा विषय निघाला, की 15 ऑगस्ट 1995 ही तारीख सांगितली जाते. विदेश संचार निगमनं त्या दिवशी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं, हे खरंच. पण त्याच्या सहा वर्षं आधी, 1989 मध्येच, आपल्या जुहूतून एक लीज्ड लाइन अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत पोचली होती. ती होती नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीची. डॉ. श्रीनिवासन रमणी त्या संस्थेचे प्रमुख होते. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याचं परदेशाकडे उघडणारं दार इथे होतं. त्या लाइनचा वेग सेकंदाला 9.6 किलोबिट. 1992 मध्ये तो 64 किलोबिट झाला, आणि देशातल्या संशोधन संस्थांची परदेशी ई-मेल या एवढ्याशा वाटेनं ये-जा करू लागली. मुंबईच्या उपनगरांना या गोष्टीचा अभिमान असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

यातला 64 हा आकडा लक्षात ठेवा. टेलिफोनवरचा आवाज अंकांत बदलताना तो सेकंदाला 8000 वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणीला 8 बिट देतात. गुणाकार केला की 64 हजार. अशा 32 वाटा एकत्र बांधल्या, की होते ई-वन, म्हणजे आपण ज्याला ‘टू एमबी लाइन’ म्हणतो ती. एक 32 डब्यांची लोकल डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक डब्यात 8 बिट बसलेले, आणि अशा 8000 गाड्या दर सेकंदाला सुटताहेत. पहिला डबा प्रवाशांचा नाही. गाडी कुठे सुरू होते, हे पलीकडच्याला कळावं म्हणून तो राखलेला. उरलेले 31 डेटासाठी.

अंधेरीच्या सीप्झमधल्या कंपन्यांनी, मुलुंड-घाटकोपर-बोरिवलीतल्या बँकांच्या शाखांनी वर्षानुवर्षं काम केलं ते अशाच लाइनींवर. एक्स्चेंजमधून तांब्याच्या जोड्या इमारतीत येतात, मोडेमवर संपतात, आणि मोडेमपासून राउटरपर्यंतचं काम इंटरफेस कार्डाचं. मोडेमवर व्ही.35 चा 34 पिनांचा मोठा कनेक्टर असेल, तर राउटरला सीरियल कार्ड लागतं. जी.703 असेल, तर ई-वन कार्ड. ऑर्डर देण्याआधी हे विचारून घ्यायला हवं, कारण चुकीचं कार्ड आलं की लाइन तयार असून शाखा अडून राहते.

अमेरिकेत मात्र ई-वन नाही. तिथे 24 वाटांची टी-वन चालते, 1.544 मेगाबिटची. तिकडच्या मुख्य कचेरीतून सगळी सेटिंग्ज भरून आलेला राउटर इथे जोडला आणि कार्ड टी-वनवरच राहिलं, तर लाल दिवा विझायचा नाही. दोन्ही चालणाऱ्या कार्डावर ते ई-वन करून घ्यावं लागतं. मग लाइन कोडिंग एचडीबी-थ्री. सीआरसी-फोर चालू की बंद, हे समोरच्या टोकाला विचारून. आणि त्यावर चालणारा प्रोटोकॉल एचडीएलसी की पीपीपी, तोही दोन्हीकडे एकच.

आता घड्याळाकडे, म्हणजे कार्ड ज्या तालावर बिट पाठवतं त्या तालाकडे, येतो. आजच्या बोलण्यातलं सर्वांत महत्त्वाचं हेच आहे. प्रयोगशाळेत दोन राउटर समोरासमोर जोडताना एका कार्डाला स्वतःचं घड्याळ चालवायला सांगावं लागतं, कारण मध्ये एक्स्चेंज नसतं. तेच कार्ड तसंच उचलून जागेवर बसवलं, तर पंचाईत होते. लाइन अप दिसते. पिंग जातो. सगळे खूश होऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी मोठी फाइल पाठवायला घेतली, की ती रखडते. कारण साधं आहे. दोन घड्याळांत दहा लाखांत अवघ्या 50 भागांचा फरक असला, तरी सेकंदाला सुमारे 100 बिटांची तफावत पडते. एका फ्रेममध्ये बिट असतात 256. म्हणजे दर अडीच सेकंदांना एक अख्खी फ्रेम गळते किंवा दोनदा मोजली जाते. कार्ड ही नोंद मुकाट्यानं ठेवत असतं. अशा घसरणीला स्लिप म्हणतात, आणि तिचा आकडा वाढत असतो. तो वाढताना दिसला, की तांब्याला दोष देण्याआधी सेटिंग बघा. घड्याळ लाइनकडूनच घ्यायचं, म्हणजे एक्स्चेंजचं.

पावसाळ्यात तांब्याचाही दोष असतो, हे मी नाकारत नाही. जॉइंटमध्ये पाणी शिरलं, की चुका वाढतात, मग सिग्नलच जातो. पण त्याची खूण वेगळी. सिग्नल आपल्यापर्यंत मुळीच येत नसेल, तर कार्ड एलओएस दाखवतं. वाटेतल्या यंत्राला पलीकडून काही मिळत नसेल, तर ते सलग नुसते 1 पाठवत राहतं. त्याला एआयएस म्हणतात. आणि आपलं बोलणं पलीकडे पोचत नसेल, तर पलीकडचा आरएआय पाठवून तसं कळवतो. ही तीन अक्षरं फोनवर नीट सांगितली, तर एक्स्चेंजमधल्या माणसाला कुठली जोडी तपासायची ते लगेच समजतं. क्रोनवर, म्हणजे तारा जोडण्याच्या पट्ट्यांवर, शेकडो जोड्यांमधून आपली जोडी हुडकणाऱ्या त्या लाइन स्टाफचं कौशल्य मोठं आहे. ‘तुमची लाइन खराब आहे’ एवढंच ऐकवून त्यांचा दिवस वाया घालवणं मला गैर वाटतं.

आता फायबरवर इथरनेट येतं आणि नव्या जागी ही कार्डं क्वचितच लागतात. तरी पीआरआयच्या टेलिफोन लाइनी याच 32 वाटांच्या चौकटीवर बांधलेल्या आहेत, आणि तिथे घड्याळाचा नियमही हाच लागतो. म्हणून नव्यानं हे काम शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, की लाइन उठत नसली तर आधी आपल्या कार्डाजवळ लूप द्या, म्हणजे पाठवलेला सिग्नल तिथूनच परत वळवा. तिथे ठीक दिसलं, तर मोडेमवर, मग एक्स्चेंजवर, मग पलीकडच्या टोकाला लूप मागा. जिथून सिग्नल परत येईनासा होतो, त्याच्या अलीकडच्या टप्प्यात दोष. आणि तपासणी झाली, की प्रत्येक लूप काढल्याचं समोरच्याकडून वदवून घ्या, मगच जागा सोडा.