स्वमग्नता : गैरसमजांची किंमत



झाशी जिल्ह्यातील बबीना हे लष्करी छावणीचे गाव. अशा गावात देशभरातून कुटुंबे येतात आणि काही वर्षांनी बदलीच्या हुकमाबरोबर निघून जातात. घर, शाळा, शेजार आणि पुष्कळदा कानांवर पडणारी भाषाही बदलते. बहुतेक मुले हा बदल लवकर अंगवळणी पाडतात. परंतु ज्या मुलाला दिवसाच्या ठरलेल्या क्रमाचाच आधार असतो, त्याला प्रत्येक बदलीनंतर जग नव्याने ओळखावे लागते. बाजारातील गोंगाटात असे मूल कानांवर हात ठेवून किंचाळू लागले, की बघणाऱ्यांचा निवाडा तयार असतो : ‘लाडाने बिघडलेले पोर.’ वडील कर्तव्यावर दूर असतील, तर हा निवाडा एकट्या आईला ऐकून घ्यावा लागतो. स्वमग्नतेविषयीचे गैरसमज हे केवळ अज्ञान नव्हे. त्यांची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

स्वमग्नता अर्थात ऑटिझम हा मेंदूच्या विकासातील जन्मजात वेगळेपणा आहे. इतरांशी संवाद साधण्यातील अडचण, त्याच त्या कृतींची आवड आणि आवाज, प्रकाश वा स्पर्श यांबाबत तीव्र किंवा मंद संवेदना ही त्याची प्रमुख लक्षणे होत. त्याच्या छटा अनेक आहेत. काही मुले आयुष्यभर बोलत नाहीत, तर काही पदवीधर होतात. म्हणूनच ‘ही सारी मुले बुद्धीने कमी असतात’ हा समज जितका चुकीचा, तितकाच ‘प्रत्येकात एक अलौकिक प्रतिभावंत दडलेला असतो’ हाही चुकीचा. पहिल्या समजामुळे शाळेचे दार बंद होते. दुसऱ्यामुळे सामान्य मुलावर असामान्यत्वाचे ओझे पडते.

सर्वांत जुना गैरसमज पालकांना दोषी धरणारा आहे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर आईच्या भावनिक कोरडेपणामुळे मूल असे होते, ही कल्पना तेथे काही दशके रुजली. जुळ्या भावंडांवरील १९७७ च्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला आणि त्या कल्पनेचा पाया ढासळला. आपल्याकडे मात्र ‘आई नोकरी करते म्हणून’, ‘विभक्त कुटुंब आहे म्हणून’ अशा नव्या वेषात ती अद्याप वावरते.

दुसरा गैरसमज लसीकरणाचा. १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या एका लेखाने गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सूचित केला. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ मधील अभ्यासातही असा कोणताही संबंध आढळला नाही. लस टाळल्याने स्वमग्नता टळत नाही. गोवराचा धोका मात्र वाढतो.

तिसरा गैरसमज वरकरणी निरुपद्रवी वाटतो : ‘थांबा, याचे वडीलही उशिराच बोलले होते.’ वर्ष-दीड वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर तपासणी पुढे ढकलू नये. लहान वयात वाचा, वर्तन व दैनंदिन कौशल्यांचे प्रशिक्षण सुरू झाल्यास त्याचा लाभ अधिक होतो. वाट पाहण्यात गेलेला हा काळ परत मिळवता येत नाही.

चौथा गैरसमज म्हणजे ही अवस्था औषधाने ‘बरी’ होते. मूळ स्वमग्नता दूर करणारे औषध आज उपलब्ध नाही. तरीही मूलपेशी उपचारांसारख्या सिद्ध न झालेल्या मार्गांवर पालक कर्ज काढून पैसा खर्च करतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा दुहेरी तोटा होय : बचत संपते आणि प्रशिक्षणासाठी हवा असलेला पैसा उरत नाही. याशिवाय नोकरी सोडणाऱ्या आईचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत कोठेच नोंदले जात नाहीत.

कायद्याची वाटचालही लक्षात घेण्याजोगी आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रवर्गांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम स्थान दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रवर्ग २१ केले व त्यांत स्वमग्नता समाविष्ट केली. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार आदी प्रवर्गांसाठी मिळून आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी अंतर्भूत आहे.

बबीनासारख्या गावांच्या दृष्टीने दोन तरतुदी महत्त्वाच्या ठरतात. दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना नेहमीच्या बदलीतून सूट देण्याचे निर्देश केंद्र शासनाने २०१४ मध्ये दिले. लष्करी सेवेत बदली अटळ असते. म्हणून अनेक छावण्यांत सैनिकांच्या पत्नींच्या कल्याणकारी संघटनेमार्फत चालणाऱ्या ‘आशा’ शाळांचे मोल मोठे आहे. तसेच देशभर ग्राह्य असलेल्या विशिष्ट दिव्यांगत्व ओळखपत्रामुळे राज्य बदलले तरी नव्या प्रमाणपत्राची गरज राहत नाही.

तथापि, तरतूद कागदावर असणे आणि ती पालकाच्या हाती पडणे यांत अंतर असते. ते अंतर बहुतेकदा एखाद्या कार्यालयाच्या टेबलाएवढेच असते. मूल चालते, दिसायला धडधाकट आहे, मग प्रमाणपत्र कशासाठी, असा प्रश्न त्या टेबलामागून विचारला गेला, की कायद्याचे सारे कलम तेथेच थांबते. स्पर्धा परीक्षेत उत्तीर्ण होऊन उद्या त्या टेबलामागे बसणाऱ्यांनी स्वमग्नतेची व्याख्या केवळ गुणांसाठी पाठ केली की समजून घेतली, याची परीक्षा तेव्हा होईल.