कोपऱ्याचा खांब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

शेताला पहिल्यांदा तारेचं कुंपण घातलं, तेव्हा मी पैसे वाचवले ते नेमके कोपऱ्यांवर. बांधावर जसे इतर खांब, तसेच चार खांब चार कोपऱ्यांना, दीड-दीड फुटाच्या खड्ड्यात उभे केले. उन्हाळ्यात तारा अशा ताठ होत्या की बोटानं छेडल्या तर वाजायच्या. पावसाळा सरला आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यातला खांब आत झुकला. तारा ढिल्या पडल्या. ऐन हरभऱ्यात शेजारच्या भाऊंच्या म्हशी शिरल्या. शब्दानं शब्द वाढला आणि आमचं बोलणं दोन वर्षं बंद राहिलं. दोष म्हशींचा नव्हता, भाऊंचाही नव्हता. माझ्या खांबाचा होता.

आपल्याकडं पूर्वी बोराटीचं, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असे. ते स्वतःच्या वजनावर बसतं, कशाला ओढत नाही. 1874 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले शेतकरी जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि पुढं ती तार जगभर पसरली. या कुंपणाचं सारं बळ ताणात आहे. आणि हा ताण शेवटी कुठं जातो? मधले खांब फक्त तार उचलून धरतात. ओढ सगळी कोपऱ्यावर येते.

साधा हिशोब करू. एका तारेची ओढ शंभर किलो धरा. पाच तारांची झाली पाचशे. कोपऱ्यावर दोन बाजूंच्या तारा काटकोनात ओढतात, त्यामुळे खांबाला शेताच्या आत खेचणारी एकूण ओढ सातशे किलोंच्या घरात जाते, तीही रात्रंदिवस. त्यात आमची जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाची पकड सोडते.

म्हणून पहिली गोष्ट खोली. आठ फुटी खांब असेल, तर तीन फूट जमिनीत हवा. खड्डा तोंडाशी दीड फूट रुंद असेल, तर तळाशी दोन फूट ठेवा, म्हणजे खांब वर उपसून येत नाही. काळी माती परत लोटू नका. काँक्रीट भरा आणि वरचा भाग उतरता करा, म्हणजे पाणी खांबाशी साचत नाही. त्यावर किमान आठवडाभर पाणी मारा. पूर्ण मजबुती यायला चार आठवडे लागतात. तोवर तार ओढण्याची घाई करू नका.

दुसरी गोष्ट टेकू. पुष्कळजण तो बाहेरून लावतात. पण टेकू रेटतो, ओढत नाही. खांब आत झुकणार असेल, तर बाहेरचा टेकू काय कामाचा? टेकू लावायचा तो तार जिकडं ओढते त्या बाजूला, कुंपणाच्या रेषेतच. कोपऱ्याला दोन रेषा, म्हणून टेकूही दोन. त्याचं वरचं टोक खांबाच्या जमिनीवरच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर टेकवा आणि पायथ्याला मातीत सपाट दगड किंवा काँक्रीट द्या. टेकू फार उभा नको. उभा टेकू जॅकसारखा खांबालाच वर उचलतो.

खांब लाकडी किंवा लोखंडी असतील, तर आणखी एक चांगली रीत आहे. कोपऱ्याच्या खांबापासून आठ-दहा फुटांवर कुंपणाच्या रेषेत दुसरा तसाच भक्कम खांब रोवा. दोघांच्या मध्ये वरच्या बाजूला एक आडवा वासा ठोका. मग कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून दुसऱ्या खांबाच्या माथ्यापर्यंत दुहेरी तार तिरकी बांधा आणि मध्ये काठी घालून तिला पीळ द्या. तिरकी तार उलटी बांधली, म्हणजे कोपऱ्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या बुडाकडं नेली, तर सगळी मेहनत वाया जाते. दुसऱ्या बाजूलाही अशीच जोडी हवी.

काही बारीक गोष्टी. आधी कोपरे, मग दोरी धरून मधले खांब, तारा शेवटी. एकच तार कोपऱ्यावरून वळवून पुढं नेऊ नका. प्रत्येक बाजूची तार कोपऱ्यावर संपवा, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरी टिकते. फाटकाचा खांब हाही कोपराच समजा. तार ताणताना जाड हातमोजे घाला आणि तिच्या रेषेत उभे राहू नका. तुटलेली तार चाबकासारखी येते. आणि रानडुकरांचा कितीही त्रास असो, कुंपणात विजेचा प्रवाह थेट सोडू नका. तो गुन्हा तर आहेच, पण रात्री बांधावरून जाणाऱ्या माणसाचा जीव घेतो.

दुसऱ्या खेपेला मी सगळे कोपरे असे बांधले. तार ओढताना एकट्याचं बळ पुरेना. भाऊ पलीकडं बांधावर उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं ते आले आणि काही न बोलता त्यांनी पक्कड हातात घेतली. संध्याकाळी चहा पिताना त्यांनी त्या खांबाला खांदा लावून पाहिला. म्हणाले, ‘‘आता हा हलत नाही.’’

त्याला बरीच वर्षं झाली. खांब अजून हललेला नाही.