झेंडूची वही



"आई, कुवेतला दोनच ऋतू. एसीचा आणि बिनएसीचा," माझी लेक म्हणाली. मला हसू आलं, पण तिचं काय चुकलं? पुस्तकात सहा ऋतू, सुट्टीत गावी गेलं की नुसता पावसाळा, आणि इथं काचेपलीकडचं ऊन.

म्हणून गेल्या वर्षी बाल्कनीत झेंडू लावला आणि कुंडीशेजारी एक वही ठेवली. दसऱ्याला घरची फुलं हवीत म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीलाच बी पेरलं. रोपं उगवली आणि दुपारच्या झळांनी करपून गेली. लेकीनं तारीख घालून लिहिलं, 'मेली.' खोडायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे, तीही नोंदच आहे.

मग एका कुवेती ओळखीच्यांनी इथलं गणित सांगितलं. सप्टेंबरात पहाटे दक्षिणेला सुहैल तारा दिसू लागला की उन्हाळा उतरणीला लागतो. सुहैल म्हणजे आपला अगस्ती! आपल्याकडे तो दिसला की पाऊस सरत आला म्हणतात. त्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यापासून 'वस्म', म्हणजे सुरुवातीच्या पावसाचा काळ. इथं वर्षभरात पडतो तो जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर. मुंबईत जुलैतल्या एका दिवसात पडून जाईल एवढा. पण तो वेळेवर झाला तर वसंतात वाळवंटात अरफज पिवळाधमक फुलतो. कुवेतचं राष्ट्रीय फूल ते.

आम्ही 18 ऑक्टोबरला पुन्हा पेरलं. पाचव्या दिवशी कोंब, 14 डिसेंबरला पहिलं फूल. दसरा हुकला, पण लेकीला ऋतू सापडला.

अमेरिकेत शाळेतली मुलं शरद ऋतूत एकाच जातीचे ट्युलिपचे कंद लावतात आणि कोंब कधी आला, फूल कधी उमललं ते कळवतात. जात एकच असल्यामुळे तारखांतला फरक मुख्यतः हवामानाचा, हे मुलांना कळतं. आपणही तेच करूया. दरवर्षी तीच जात, तीच जागा, तीच तारीख. वहीत चार नोंदी पुरेत: पेरणी, कोंब, कळी, पहिलं फूल.

आपण इथं किती वर्षं, ते व्हिसा ठरवणार. पण मुलांचं बालपण इथंच जातंय. जाताना इथला एक ऋतू तरी त्यांच्या ओळखीचा असावा.