चिंटू आणि बदललेली नजर
१९९१मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’मधून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चित्रमालिकेतला चिंटू घरोघरी पोचला. तीन-चार चौकटींतलं ते मध्यमवर्गीय घर! आई घर सांभाळणारी, वडील नोकरदार. तेव्हा हे फारसं कुणाला खटकत नव्हतं. आजचं मूल मात्र विचारेल, पोळ्या आईनंच का लाटायच्या? आणि चिंटूसारखं मित्राला ‘बगळ्या’ म्हणणं आता अनेक पालकांना रुचणार नाही. तिकडे ‘टॉम अँड जेरी’मधल्या कृष्णवर्णीय मोलकरणीवरही टीका झाली, जुन्या भागांना सूचना जोडल्या गेल्या. माझं मत स्पष्ट आहे: जुनी चित्रं पुसू नयेत. मुलांना जवळ घेऊन ती वाचा, आणि त्यांचे प्रश्न टाळू नका.