आधी ऐका, मग हुकूम



पिंगळीच्या या वसंत व्याख्यानमालेत ‘विमान खात्यापुढील सुनावणीचे नियम’ असा विषय जाहीर झाला, तेव्हा काही मंडळींनी संयोजकांना विचारले म्हणे, की आपल्या गावाला थांबते ती आगगाडी. विमान पाहावयाचे ते मान वर करून. मग या विषयाशी आपला संबंध काय? प्रश्न रास्त आहे. परंतु फेरफाराची नोटीस आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. तलाठ्याने नोंद घ्यावी, हरकतीला मुदत द्यावी, हरकत आली तर दोन्ही बाजू ऐकून अधिकाऱ्याने निर्णय द्यावा, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. सातबारावरचे नाव असो की वैमानिकाचा परवाना असो, सत्ता एखाद्याजवळचे काही काढून घेऊ लागली म्हणजे तिने त्याला आधी विचारावे, एवढाच आजचा विषय.

उदाहरणासाठी लांब जाण्याचे कारण नाही, मराठवाड्यातलेच घेऊ. २३ मार्च २०१७ रोजी उस्मानाबादचे त्या वेळचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीस उतरले. आसनावरून वाद झाला आणि त्यांनी कंपनीच्या एका अधिकाऱ्यास चपलेने मारले. मारले, हे त्यांनी स्वतःच वाहिन्यांपुढे सांगितले. एअर इंडियाने, जी तेव्हा सरकारचीच होती, आणि तिच्या पाठोपाठ प्रमुख खासगी कंपन्यांनी त्यांना विमानात घेणे बंद केले. पुढे मंत्र्यांना दिलगिरीचे पत्र गेले आणि ७ एप्रिलला बंदी उठली.

त्या पंधरवड्यात लोक हसले. मीही हसलो. मारणाऱ्याची बाजू घ्यावी असे त्यात काही नव्हतेच. पण हसणे ओसरल्यावर वकिलाच्या मनात प्रश्न येतो. ही बंदी किती दिवसांची होती? कोणत्या नियमाखाली? तिच्यावर अपील कोठे? एकाचेही उत्तर कागदावर नव्हते. बंदी आली रागातून आणि गेली पत्रातून. आज ती खासदारावर आली आणि त्याच्यासाठी लोकसभेत आवाज उठला. उद्या ती एखाद्या कापसाच्या व्यापाऱ्यावर आली तर त्याने कोठे जावे?

सरकारलाही हे उमगले असावे. सप्टेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम काढले, आणि ते वाचण्याजोगे आहेत. प्रवाशाने गैरवर्तन केले अशी विमानाच्या कप्तानाची तक्रार आली, की ती कंपनीच्या तीन जणांच्या समितीपुढे जाते. अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश, दुसरा सभासद दुसऱ्या विमान कंपनीचा, तिसरा प्रवाशांच्या किंवा ग्राहकांच्या संघटनेचा अथवा ग्राहक मंचाचा निवृत्त अधिकारी. समितीने तीस दिवसांत, कारणे लिहून, निर्णय द्यावयाचा. तोवर कंपनी बंदी घालू शकते; पण तीस दिवसांत निर्णय झाला नाही तर प्रवासी मोकळा. शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकण्याला सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणाऱ्या कृत्याला दोन वर्षांपासून पुढे बंदी. त्यावर साठ दिवसांत अपील, आणि त्या अपील समितीवर उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश.

यात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती ‘मोकळा’ ही तरतूद. मुदत चुकली तर तोटा कोणाचा, हे जोवर लिहिलेले नसते तोवर ती मुदत केवळ शोभेची असते. तहसिलीत खेपा घालणाऱ्यांना हे अधिक फोडून सांगावयास नको.

नियम झाले, पण सवय? २८ जानेवारी २०२० रोजी मुंबईहून लखनौस जाणाऱ्या विमानात कुणाल कामरा या विनोदकाराने एका वृत्तवाहिनीच्या संपादकांना छेडले. इंडिगो कंपनीने त्याच दिवशी एकदम सहा महिन्यांची बंदी जाहीर केली. समिती बसण्यापूर्वी फार तर तीस दिवस, असे नियम सांगत होता! ज्यांच्या विमानात काहीच घडले नव्हते अशा आणखी कंपन्यांनीही दारे लावून घेतली. पुढे समिती बसली आणि सहाचे तीन महिने झाले. आधी ऐकले असते तर सहा लिहून तीन करण्याची वेळ आली नसती.

आता खुद्द सरकारी खात्यापुढील सुनावणी. वैमानिकाचा परवाना रद्द करावयाचा तर कारणे दाखवा नोटीस हवी, असे १९३७ च्या विमान नियमांतच आहे; चौकशी चालू असता मात्र तो तात्पुरता थांबवता येतो. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. दंड एक कोटी रुपयांपर्यंत. ठरवणारा सरकारी अधिकारी, पहिले अपील वरच्या अधिकाऱ्याकडे, दुसरे त्याच्याही वरच्याकडे. पायऱ्या वाढल्या हे चांगले. पण सगळ्या पायऱ्या एकाच वाड्यातल्या आहेत. शिस्तभंग करणाऱ्या प्रवाशाला निवृत्त न्यायाधीश आणि दंड होणाऱ्याला सचिवालय, हा भेद मला समजत नाही.

आणि जो ऐकतो त्यानेच ठरवले पाहिजे. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातील बसमार्गांची सरकारी योजना रद्द केली, ती याच मुद्द्यावर: ऐकले सचिवाने, ठरवले मुख्यमंत्र्यांनी. माझ्या वकिलीच्या आरंभी एका शेतकऱ्याच्या हरकतीत मी दोन तारखा बोललो. ऐकणारे साहेब बदलून गेले; नव्या साहेबांनी आम्हाला न बोलावताच हुकूम लिहिला. हुकूम आमच्या बाजूचा होता, म्हणून मी गप्प बसलो. आज त्याची लाज वाटते.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न. १५ मे २०२५ रोजी सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा-मंजुरी सरकारने काढून घेतली. मुंबईसह अनेक विमानतळांवर सामान चढवणे-उतरवणे तिच्याकडे होते. २०२३ च्या विमान सुरक्षा नियमांत, अशी मंजुरी रद्द करण्यापूर्वी संधी द्यावी असे लिहिलेले आहे. ती दिली गेली नाही. ७ जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. देशाच्या सुरक्षिततेपुढे ही रीत बाजूस ठेवता येते, असे ठरले. सरकारचा बंद लिफाफा न्यायाधीशांनी उघडून पाहिला, कंपनीला तो दिसला नाही.

युद्धाच्या सावटाखाली सरकारने घाई केली, तर मी तिला सरसकट दोष देणार नाही. परंतु ५ एप्रिल २०२३ रोजी, एका मल्याळी वाहिनीच्या परवान्याच्या खटल्यात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले होते, की सुरक्षिततेचे नुसते नाव घेऊन बंद लिफाफा पुढे करता येणार नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. सगळा कागद दाखवणे शक्य नसेल, तर त्याचा सारांश तरी द्यावा. निदान मंजुरी थांबवून महिन्याभरात ऐकावे. माझे मत असे आहे. श्रोत्यांत कोणाचे निराळे असेल, तर अध्यक्षांच्या परवानगीने ते आत्ताच ऐकू.