बोलावयाची इंग्रजी



अकोल्याहून निघाले म्हणजे थोड्याच वेळात बार्शीटाकळी येते. कालंका देवीच्या प्राचीन देवळामुळे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु आज मी त्याचे नाव घेतो ते वेगळ्या कारणाने. या गावातील एखादा साधा दुकानदार दिवसभरात किती भाषा बोलतो, याचा आपण कधी विचार केला आहे काय? घरात वऱ्हाडी, पेठेत उर्दू किंवा हिंदी आणि तहसील कचेरीत पुस्तकी मराठी. यांपैकी उर्दू त्याला कोणी शिकविली? त्याने व्याकरण उघडले नाही, शब्द पाठ केले नाहीत. गिऱ्हाईक समोर उभे राहिले, बोलणे भाग पडले आणि चुकतमाकत भाषा जिभेवर बसली. हाच गृहस्थ इंग्रजीत दोन वाक्ये बोलण्याची वेळ आली की घाम पुसू लागतो. त्याच्या मुलाची स्थितीही फारशी निराळी नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीच्या वर्गापासून शिकविली जाते. दहा-बारा वर्षे त्या भाषेचा अभ्यास केलेला तरुण नोकरीच्या मुलाखतीस जातो आणि उत्तर माहीत असूनही गप्प बसतो. त्याच्या मौनाचा अर्थ समोरचे लोक अज्ञान असा करतात. हे नुकसान लहान नव्हे.

असे का व्हावे? वऱ्हाडचा आणि इंग्रजीचा संबंध काही कालपरवाचा नाही. १८५३ साली निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. १८६७ साली लोहमार्ग अकोल्यावरून नागपुरास पोहोचला. कोर्ट, समन्स, अपील, स्टेशन, सिग्नल, जिनिंग, प्रेसिंग हे शब्द कापसाच्या गाड्यांबरोबर आणि कज्जेदलालीबरोबर खेड्यापाड्यांत शिरले. अक्षरओळख नसलेली म्हातारीही डॉक्टर, तिकीट, मोटार हे शब्द सहज बोलते. म्हणजे शब्दांची उणीव नाही. उणीव आहे ती शब्द योग्य वेळी, योग्य जोडीने तोंडातून निघण्याची.

याचे एक कारण आपल्या शिक्षणपद्धतीत आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी घरांतील अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविली आणि ते ऋण मोठे आहे. त्या पद्धतीने वाचन आले, अर्ज लिहिता आला, कायद्याचे ग्रंथ उलगडले. तथापि भाषांतराला सवड लागते आणि संभाषण सवड देत नाही. मराठी वाक्य मनात जुळवावयाचे, त्यातील शेवटचे क्रियापद उचलून मध्ये आणावयाचे, मग ‘अ’ की ‘द’ याचा निकाल लावावयाचा. इतके होईपर्यंत समोरचा माणूस पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

शिवाय शब्दास शब्द ठेवून दोन भाषा जुळत नाहीत. आपला ‘कितवा’ हा शब्दच पाहा. त्याला इंग्रजीत सरळ प्रतिशब्द नाही. ‘तू कितवीत आहेस?’ याचे भाषांतर करू जाल तर अडकाल. ‘व्हिच क्लास आर यू इन?’ हे सबंध वाक्यच उचलले पाहिजे. ‘माझे डोके दुखते’ याचे ‘माय हेड इज पेनिंग’ होते, परंतु इंग्रजी बोलणारा ‘आय हॅव अ हेडेक’ म्हणतो. काही शब्द तर आपल्याकडे येऊन अर्थच बदलून बसले आहेत. आपले ‘हॉटेल’ म्हणजे चहा-फराळाचे ठिकाण. इंग्रजांचे हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आपण ‘गॅदरिंग’ म्हणतो; इंग्रजीत चार माणसे जमली तरी गॅदरिंगच. आणि वऱ्हाडात वीज गेली की आपण ‘लाईन गेली’ म्हणतो. हेच इंग्रजीत ‘लाईन हॅज गॉन’ असे सांगितले, तर ऐकणारा आगगाडीचा किंवा टेलिफोनचा विचार करीत बसेल. त्याला ‘देअर इज अ पॉवर कट’ असे सांगावे.

याहून नाजूक गोष्ट अदबीची. मराठीत आदर क्रियापदातच वसतो. ‘पाणी द्या’ म्हटले की ‘द्या’मध्ये विनंती आलीच, निराळ्या शब्दाची गरज नाही. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच ‘यू’. तेव्हा ‘गिव्ह मी वॉटर’ हे आपल्या मनात नम्र असले तरी इंग्रजाच्या कानाला हुकूम वाटते. ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ यातील ‘कुड’ आणि ‘प्लीज’ हे आपल्या ‘द्या’चे काम करतात. तसेच नकारार्थी प्रश्नाचे. ‘तुम्ही जेवला नाहीत का?’ याला आपण ‘हो, नाही जेवलो’ असे उत्तर देतो. इंग्रजीत येथे ‘नो, आय हॅव नॉट’ हेच आले पाहिजे. ‘येस’ म्हटल्यास समोरचा माणूस तुम्ही जेवून आलात असे समजेल आणि पाहुण्याला उपाशी राहावे लागेल!

मग उपाय कोणता? प्रथम ओझे हलके करावे. सी. के. ऑग्डेन या इंग्रज पंडिताने १९३० साली अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यास बंगाली मुलांना शिकविता शिकविता या प्रश्नाचा विचार केला आणि १९५३ साली सुमारे २००० अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. शाळा संपविलेल्या आपल्या मुलाला यांतील बहुतेक शब्द ठाऊक असतात. म्हणून नवे अवघड शब्द पाठ करण्यापूर्वी जवळ असलेले शब्द वापरात आणावेत.

ते वापरात आणावेत प्रसंगाप्रसंगाने. बँक, दवाखाना, स्टेशनची खिडकी, दूरध्वनी, मुलाखत असे दहा प्रसंग निवडावेत आणि प्रत्येकासाठी दहा सबंध वाक्ये मोठ्याने म्हणावीत. मनातल्या मनात वाचलेली भाषा जिभेला कळत नाही. विशेषतः अडचणीतून सोडविणारी तीन वाक्ये तोंडपाठ हवीत: ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’, ‘प्लीज स्पीक अ लिटल स्लोली’ आणि ‘लेट मी थिंक फॉर अ मोमेंट’. ही हाताशी असली म्हणजे न समजल्याची भीती निम्मी ओसरते.

उच्चारांची चिंता प्रमाणात करावी. साहेबासारखा नाकातून सूर काढण्याचे कारण नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. आपला एकच ‘व’ इंग्रजीतील दोन अक्षरांचे काम करतो. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवावेत आणि ‘वेस्ट’ म्हणताना ओठांचा चंबू करावा. दुसरे, इंग्रजी शब्दात एका अवयवावर जोर असतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो आरंभी, तर ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या अवयवावर. जोर चुकला की ओळखीचा शब्दही ऐकणाऱ्याला अनोळखी वाटतो.

वऱ्हाडी मुलांना मला आणखी एक सांगावयाचे आहे. पुण्या-मुंबईस गेल्यावर ‘मले’, ‘तुले’ ऐकून लोक हसतात, म्हणून कित्येक मुले तेथे मराठी बोलतानाही संकोचतात. मग इंग्रजी बोलण्याचे धैर्य कोठून यावे? वस्तुतः तुमची बोली येथे मदतीलाच येते. ‘मी जेवून राहिलो’ यातील चालू क्रिया आणि ‘मी रोज दहाला जेवतो’ यातील नित्याची क्रिया तुम्ही बोलण्यात स्पष्ट वेगळी ठेवता. ‘आय अ‍ॅम ईटिंग’ आणि ‘आय ईट’ यांतील भेद हाच. ‘नो’ म्हणजे जाणणे, अशा काही क्रियापदांना हे ‘राहिलो’ चालत नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

शेवटी सर्वात मोठी अडचण राहते ती हसणाऱ्यांची. इंग्रजीतील चूक ऐकून हसणारा बहुधा इंग्रज नसतो. तो आपलाच वर्गमित्र, आपलाच भाऊ असतो. बार्शीटाकळीच्या पेठेत उर्दूचे लिंग चुकले म्हणून कोणी सौदा मोडीत नाही. तीच उदारता आपण घरात इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला द्यावी. त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे, आशयाला उत्तर द्यावे आणि मग उत्तरातच शुद्ध रूप त्याच्या कानावर घालावे. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे एवढे केले, तर त्यासाठी शहरातील महागडा वर्ग लावण्याची गरज अनेक घरांना पडणार नाही. मराठीचेही यात काही उणे होत नाही. ज्या गावाने तीन भाषा सुखाने नांदविल्या, त्याला चौथी जड होण्याचे कारण दिसत नाही.