मालिका कोणती पाहावी ?

आमच्या फैजपुरांत दिवेलागणीनंतर केळीच्या बागांतून परतलेली मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसते. दिवसभर राबलेल्यानें करमणूक करूं नये, असें कोण म्हणेल ? परंतु काय पाहावें, याचा विचार अवश्य करावा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्याच दशकांत चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ पडद्यावर आले. तेव्हां दुसरी वाहिनी नव्हती. आतां पुष्कळ आहेत, म्हणून निवडीचा भार आपल्यावर आहे.

त्या निवडीचें फळ पाहा. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. भाग तीन हजारांहून अधिक! फुले दांपत्यावरील ‘सावित्रीजोती’ मात्र २०२० सालीं सुरू होऊन त्याच वर्षअखेर प्रेक्षकांअभावीं बंद पडली. ज्या माउलीनें १८४८ पासून मुलींना शिकविलें, तिच्या कथेला आपण एवढेंच दिवस घरांत ठेवून घ्यावें, हें या जुन्या शिक्षकाला बोंचतें. चांगलें चालतच नाहीं, असेंही नव्हे. रमाबाई रानड्यांवरील ‘उंच माझा झोका’ २०१२-१३ सालीं लोकांनीं आवडीनें पाहिली.

म्हणून तीन प्रश्न विचारावे : कथेला शेवट आहे काय ? पात्रें कारस्थानांवांचून दुसरें कांहीं काम करितात काय ? नातीला शेजारीं बसवून पाहतां येईल काय ? तिन्हींचें उत्तर नकारार्थी आल्यास यंत्र खुशाल बंद करावें. मात्र चांगली मालिका लागली, तर ती पाहावी आणि शेजाऱ्यांनाही सांगावी; प्रेक्षकांवांचून ती जगत नाहीं.